ध्वनिफेरी की श्रवणफेरी? : स्थाननिष्ठ संगीतकृती आणि स्थानाचा प्रश्न

१

'साउंडवॉक' या संज्ञेचा गेल्या पन्नास वर्षांतील प्रवास पाहिला, तर एखाद्या संज्ञेचा आशय तिच्या मूळ आशयाच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला कसा जाऊन पोहोचतो, याचे उद्बोधक उदाहरण हाती लागते. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात आर. मरे शेफर यांच्या पुढाकाराने परिसरध्वनींच्या अभ्यासाचा जो प्रकल्प सुरू झाला, त्यात काम करणाऱ्या हिल्डेगार्ड वेस्टरकाम्प यांनी १९७४ साली 'साउंडवॉकिंग' हा लेख लिहिला. त्यांना अभिप्रेत असलेली फेरी ही ऐकण्यासाठी काढलेली फेरी होती. श्रोत्याच्या कानांवर बाहेरून काहीही घालावयाचे नव्हते. जे आहे ते ऐकावयाचे होते. स्वतःच्या पावलांपासून आरंभ करून दूरच्या, क्षीण ध्वनीपर्यंत कान नेणे, एवढीच तिची रीत. आज हीच संज्ञा ज्या प्रकाराला लावली जाते, त्यात श्रोता हेडफोन लावून उद्यानात शिरतो, त्याच्या स्मार्टफोनमधील ॲप उपग्रहांच्या साहाय्याने त्याचे स्थान ओळखते आणि तो जेथे असेल तेथे नेमून दिलेले, आधीच ध्वनिमुद्रित केलेले संगीत त्याला ऐकवते.

इंग्रजीत या दोहोंना एकच नाव आहे. मराठीत या प्रकाराला अद्याप रूढ नाव नाही, आणि ही उणीव येथे सोयीची ठरते. पहिल्या प्रकाराला 'श्रवणफेरी' आणि दुसऱ्याला 'ध्वनिफेरी' म्हटले, तर नावाच्या ऐक्यामुळे झाकला गेलेला भेद पुन्हा दिसू लागतो. एका प्रकारात स्थान ऐकले जाते. दुसऱ्यात स्थानी ऐकले जाते. हा विभक्तीचा भेद केवळ व्याकरणाचा नाही. तो या कलाप्रकाराच्या समीक्षेतील कळीचा प्रश्न आहे.

साहित्यसमीक्षेने या प्रश्नात लक्ष घालावे याला सबळ कारण आहे. ध्वनिफेरीच्या समर्थनार्थ जे दावे केले जातात, ते बहुतांशी साहित्यसिद्धांताच्या भांडारातूनच घेतलेले असतात. येथे श्रोता हाच सहनिर्माता असतो, कृती 'खुली' असते, तिचा क्रम लेखक नव्हे तर वाचक ठरवतो, ही सर्व विधाने संरचनावादोत्तर विचाराच्या वाचकांना परिचित आहेत. परिचयामुळेच ती तपासून न घेता स्वीकारली जाण्याची शक्यता अधिक. प्रस्तुत लेखात ती दोन कृतींच्या आधारे तपासावयाची आहेत. या दोन्ही कृती न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या एकाच उद्यानासाठी, सोळा वर्षांच्या अंतराने सिद्ध झाल्या, हा योगायोग तुलनेला फार उपकारक आहे.

२

प्रथम पूर्वपीठिका थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अमेरिकन कलावंत मॅक्स न्यूहाउस यांनी १९६६ साली श्रोत्यांच्या हातावर 'ऐका' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा शिक्का उमटवून त्यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून नेले. सभागृहात बसून परिसरध्वनींचे ध्वनिमुद्रण ऐकवण्याऐवजी श्रोत्यालाच ध्वनीकडे न्यावे, ही त्यामागची भूमिका. त्याच न्यूहाउस यांनी १९६७ साली बफेलो शहरातील एका रस्त्यालगत कमी शक्तीचे रेडिओ-प्रक्षेपक बसवले. त्या रस्त्याने मोटार नेणाऱ्याला आपल्या रेडिओवर जे संगीत ऐकू येई, त्याचा क्रम आणि अवधी मोटारीची दिशा आणि वेग यांवर अवलंबून असे. एकाच कलावंताच्या या दोन कृतींत श्रवणफेरी आणि ध्वनिफेरी अशा दोन्ही वाटांचा उगम सापडतो, हे लक्षणीय आहे.

१९७९ साली आलेल्या वॉकमनने चालणे आणि संगीत ऐकणे यांची सांगड नित्याची केली. शुहेई होसोकावा यांनी १९८४ साली या उपकरणाचा जो विचार केला, त्यात वॉकमन लावून चालणाऱ्याभोवती एक गुप्त रंगमंच उभा राहतो, ही कल्पना मध्यवर्ती होती. इतरांना तो दिसतो. त्याला काय ऐकू येते, हे त्यांना कळत नाही. मात्र वॉकमनमधील संगीत आणि रस्ता यांची भेट यादृच्छिक असे. ती भेट नियोजित करावयाची, तर यंत्राला श्रोत्याचे स्थान कळावयास हवे. अमेरिकेने नागरी वापरासाठीच्या उपग्रहसंकेतांत हेतुतः ठेवलेली अचूकतेची मर्यादा मे २००० मध्ये उठवली आणि पुढे स्थानसंवेदी यंत्रणा स्मार्टफोनमध्ये सामावली. वॉशिंग्टनच्या 'नॅशनल मॉल' या परिसरासाठी ब्लूब्रेन या द्वयीने २०११ साली ॲपच्या रूपात सादर केलेला संगीतसंग्रह हा या टप्प्यावरील एक आरंभीचा प्रयोग होय.

या यंत्रणेचे कार्य समजून घेतल्याविना तिच्या सौंदर्यशास्त्राविषयी बोलता येत नाही. संगीतकार नकाशावर वर्तुळे किंवा बहुभुज आखतो. प्रत्येक क्षेत्राला एक ध्वनिमुद्रण जोडलेले असते. श्रोता क्षेत्रात शिरला की ते हळूहळू उमटते, बाहेर पडला की विरत जाते. क्षेत्रे एकमेकांवर आलेली असतील तर दोन्ही ध्वनिमुद्रणे एकत्र ऐकू येतात. मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनला कळणारे स्थान साधारणतः पाच मीटरपर्यंत अचूक असते. दाट झाडी आणि उंच इमारती यांच्या सान्निध्यात ही अचूकता घटते. त्यामुळे एका बाकावर एक स्वर आणि शेजारच्या बाकावर दुसरा, अशी रचना या माध्यमात भरवशाने करता येत नाही. या माध्यमाचा लघुतम घटक स्वर नव्हे, स्वरवाक्यही नव्हे. तो काही मीटर विस्ताराचा एक ध्वनिप्रदेश असतो. माध्यमाची ही जात पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

३

२०२० साली न्यूयॉर्कमधील सभागृहे महासाथीमुळे बंद असताना सेंट्रल पार्कसाठी सादर झालेली एलन रीड यांची 'साउंडवॉक' ही या प्रकारातील बहुचर्चित कृती होय. रीड यांना त्यांच्या 'प्रिझम' या ऑपेरासाठी २०१९ सालचा संगीताचा पुलित्झर पुरस्कार मिळाला होता. उद्यानासाठीच्या या कृतीत न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या वादकांनी वाजवलेले संगीत आहे. श्रोता कोठूनही आरंभ करू शकतो, कोणतीही वाट धरू शकतो, थांबू शकतो, परतू शकतो. कोणत्याही दोन श्रोत्यांना तंतोतंत तीच रचना ऐकावयास मिळत नाही.

या प्रकाराचे वर्णन करताना उम्बेर्तो एको यांच्या 'खुली कृती' या संकल्पनेची आठवण अपरिहार्य आहे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाचा आरंभ एको संगीतापासूनच करतात. स्टॉकहाउझेन, बेरिओ, बुलेझ आणि पुसर यांच्या ज्या रचनांचा ते विचार करतात, त्यांत वादकाला क्रम अथवा कालावधी ठरवण्याची मोकळीक दिलेली आहे. स्टॉकहाउझेन यांच्या १९५६ सालच्या अकराव्या पियानोरचनेत तर एका मोठ्या कागदावर विखुरलेल्या खंडांतून वादकाने नजर जाईल तो खंड उचलावयाचा असतो. ध्वनिफेरीत हा कागद उद्यानाएवढा होतो आणि नजरेची जागा पाऊल घेते. वरवर पाहता हा एकोंच्या संकल्पनेचा स्वाभाविक विस्तार वाटतो.

परंतु येथे दोन भेद दृष्टिआड होता कामा नयेत. पहिला असा की, स्टॉकहाउझेन यांचा वादक संपूर्ण कागद पाहू शकतो. आपण काय निवडले आणि काय सोडले, हे त्याला ठाऊक असते. ध्वनिफेरीतील श्रोत्याला डाव्या वाटेवर काय आहे हे तेथे गेल्यावाचून कळत नाही. त्याची निवड ही वाटेची निवड असते, संगीताची नव्हे. तो डावीकडे वळतो तो सावली आहे म्हणून, गर्दी कमी आहे म्हणून, किंवा पाय दुखतात म्हणून. या निवडीला निर्मितिव्यापार म्हणावयाचे, तर पुस्तक कोठे उघडले गेले यालाही लेखन म्हणावे लागेल. दुसरा भेद असा की, भूगोल हेच येथे एक व्याकरण असते. तळ्यावरून टेकडीवर उडी मारता येत नाही. मधली वाट तुडवावीच लागते. मिशेल द सेर्तो यांनी चालण्याची तुलना उक्तीशी केली होती. भाषाव्यवस्थेच्या संदर्भात उक्ती जे करते, ते नगरव्यवस्थेच्या संदर्भात चालणे करते, असा त्यांचा विचार. त्या विचाराला हे उदाहरण पोषक आहे. मात्र सेर्तोंच्या पादचाऱ्याचे सामर्थ्य आखलेल्या नगराला वळसा घालण्यात, आडवाट काढण्यात आहे. ध्वनिफेरीत आडवाटही क्षेत्राच्या आतच असते, आणि क्षेत्राबाहेर पाऊल पडले की केवळ संगीत थांबते.

रचनेच्या अंगाने विचार केला, तर बा. सी. मर्ढेकर यांच्या लयविचाराचे साहाय्य घेता येते. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ सालच्या ग्रंथात मर्ढेकरांनी सौंदर्यवाचक लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे मांडली. ज्या कृतीत कोणता घटक कोणत्या घटकानंतर येईल आणि किती काळ टिकेल हे रचनाकाराच्या हाती नाही, तेथे या तीन तत्त्वांचे काय होते? संवाद साधणे सर्वांत सोपे राहते. लगतची क्षेत्रे एकाच स्वरकुलातील ठेवली की कोणत्याही दिशेने गेले तरी विसंवाद उद्भवत नाही. विरोध साधणे अवघड होते, कारण विरोधाला पूर्वतयारी लागते आणि ती श्रोत्याने केव्हा, किती ऐकली हे अनिश्चित असते. समतोल तर समग्र कृतीच्या आकलनावर अवलंबून असतो, आणि समग्र कृती कोणत्याही एका फेरीत श्रोत्याला मिळतच नाही. या माध्यमाचा कल संथ, दीर्घश्वासी, वर्तुळाकार फिरणाऱ्या स्वरपटांकडे असणार, हे यातून ओघानेच येते. तो संगीतकाराच्या अभिरुचीचा भाग असेलही. परंतु प्रथमतः तो माध्यमाचा दाब आहे. क्रमाचे स्वातंत्र्य देण्याची किंमत विरोधलयीच्या क्षीणतेत मोजावी लागते.

४

याच उद्यानात २००४ साली जॅनेट कार्डिफ या कॅनेडियन कलावतीची 'हर लाँग ब्लॅक हेअर' ही कृती सादर झाली होती. तिच्यात उपग्रह नव्हते, ॲप नव्हते. श्रोत्याला सीडी वाजवणारे छोटे उपकरण, हेडफोन आणि काही छायाचित्रे दिली जात. उद्यानाच्या दक्षिण टोकाशी आरंभ करून सुमारे पाऊण तास कार्डिफ यांचा आवाज सांगेल त्या वाटेने चालावयाचे असे. काळ्याभोर केसांच्या एका अनोळखी स्त्रीचा माग काढण्याचे कथासूत्र त्यात होते. स्थानिक इतिहास, ऑपेरा, गॉस्पेल संगीत आणि मनात येईल तसे उमटणारे निवेदन हे सारे त्यात मिसळलेले होते. छायाचित्र समोर धरून पूर्वीचे दृश्य आणि आताचे दृश्य ताडून पाहावयाचे, हाही या फेरीचा भाग होता.

एकोंच्या निकषावर ही कृती बंदिस्त म्हणावी लागेल. वाट एकच, क्रम एकच, वेगही ठरलेला. परंतु कार्डिफ ज्या द्विकर्णी ध्वनिमुद्रणपद्धतीचा अवलंब करतात, तिच्यामुळे एक वेगळीच गोष्ट घडते. दोन कानांच्या जागी सूक्ष्मध्वनिग्राहक ठेवून, प्रत्यक्ष स्थळी केलेले हे ध्वनिमुद्रण हेडफोनमधून ऐकताना ध्वनी मस्तकाच्या आत नव्हे, तर बाहेर, मागे, बाजूला असल्याचा भास होतो. मागून पावले वाजतात, श्रोता वळून पाहतो, कोणी नसते. पुढच्या वेळी पावले वाजतात तेव्हा तो वळत नाही, आणि खरोखरीच कोणी शेजारून निघून जाते. ध्वनिमुद्रित उद्यान आणि समोरचे उद्यान यांच्यातील सीमारेषा अशी सतत संदिग्ध राहते. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील ज्या रिक्त जागा वाचकाला अर्थनिर्मितीस भाग पाडतात असे म्हटले, त्या रिक्त जागा येथे संहितेच्या आत नसून संहिता आणि स्थान यांच्या सांध्यावर आहेत. प्रत्येक ध्वनीविषयी श्रोत्याला निर्णय घ्यावा लागतो: हा तेव्हाचा की आताचा?

या तुलनेतून हाती येणारा निष्कर्ष काहीसा अनपेक्षित आहे. क्रमाचा खुलेपणा आणि अर्थाचा खुलेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिल्यामुळे दुसरा आपोआप लाभत नाही. पाय मोकळे ठेवून कान निवांत ठेवणारी कृती संभवते; पाय बांधून कान जागे करणारीही संभवते. 'सहनिर्माता' ही पदवी क्रम निवडणाऱ्यापेक्षा ध्वनीविषयी निर्णय घेणाऱ्याला अधिक शोभते. संगणकीय आणि परस्परसंवादी साहित्याच्या चर्चेतही हा भेद अनेकदा सुटून जातो, म्हणून त्याचा येथे आवर्जून निर्देश केला पाहिजे.

५

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे स्थानाकडे वळता येईल. ध्वनिफेरी स्वतःला स्थाननिष्ठ म्हणवते. परंतु स्थान म्हणजे काय? उपग्रहाच्या दृष्टीने स्थान म्हणजे अक्षांश आणि रेखांश यांची जोडी. नकाशावर क्षेत्र आखणाऱ्याच्या दृष्टीने ते तळे, टेकडी, वृक्षवीथी असे भूरूप. तेथे राहिलेल्यांच्या दृष्टीने ते आणखी काही.

सेंट्रल पार्कचे उदाहरण येथे फार बोलके आहे. ते 'निसर्ग' नव्हेच. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी १८५८ साली सादर केलेल्या आराखड्यानुसार घडवलेली ती ८४३ एकरांची रचना आहे. चालणाऱ्यापुढे एकामागून एक दृश्ये उलगडत जावीत, अशा बेताने तिच्या वाटा वळवलेल्या आहेत. त्या आराखड्यातील सर्वांत चतुर योजना म्हणजे उद्यान आडवे छेदणारे चार रस्ते. ते जमिनीच्या पातळीखाली नेले गेले, जेणेकरून नगराची रहदारी फिरणाऱ्याच्या डोळ्यांना आणि कानांना शक्यतो जाणवू नये. नगराचा ध्वनी दडवून शांततेचा भास निर्माण करणारी ही रचना सव्वाशेहून अधिक वर्षे आधीच तेथे होती. अशा स्थानी हेडफोनमधून संगीत देणे म्हणजे कोऱ्या पटावर लिहिणे नव्हे. ते एका संहितेवर दुसरी संहिता लिहिणे होय. ओल्मस्टेड यांनी रस्ते खाली ढकलून जे साधले, तेच हेडफोन कान झाकून साधतात का, हा प्रश्न म्हणूनच विचारावा लागतो.

त्याहून गंभीर बाब अशी की, ही शांतता निर्माण करण्यासाठी काही आवाज तेथून हलवले गेले. पश्चिम बाजूस साधारणतः ८२ ते ८९ क्रमांकाच्या रस्त्यांच्या दरम्यान सेनेका व्हिलेज ही वस्ती १८२५ पासून उभी राहिली होती. १८५५ च्या सुमारास तेथे सुमारे २२५ माणसे राहत होती. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, काही आयरिश स्थलांतरित होते. घरे होती, चर्चे होती, शाळा होती. उद्यानासाठी १८५७ साली ती वस्ती उठवण्यात आली. आज त्या हिरवळीवर उभे राहणाऱ्याच्या फोनला आपण नेमके कोठे आहोत हे पाच मीटरपर्यंत कळते. परंतु आपण कोठे आहोत या प्रश्नाचे हे उत्तर नव्हे. अक्षांश-रेखांशांना स्मृती नसते. ती संहितेने पुरवावयाची असते, किंवा न पुरवण्याचा निर्णय तरी जाणीवपूर्वक घ्यावयाचा असतो.

येथे मराठीच्या अभ्यासकाला महानुभावांच्या 'स्थानपोथी'ची आठवण होणे स्वाभाविक आहे. चक्रधरस्वामींच्या लीळा 'लीळाचरित्रा'त संकलित झाल्या. त्या जेथे घडल्या, त्या जागांची नोंद स्थानपोथीने केली. गाव, देऊळ, त्याचे दार कोणत्या दिशेस, वसतीची जागा कोठे, कशाच्या कोणत्या अंगाला, अशा नोंदींचे हे कोरडे भासणारे गद्य आहे. ते घरी बसून वाचण्यासाठी सिद्ध झालेले नाही. अनुयायाने त्या स्थानी जावे, नमस्कार करावा आणि तेथील लीळेचे स्मरण करावे, यासाठी ते आहे. स्थानाशी जोडलेली संहिता ही कल्पना मराठीला उपग्रहांची वाट पाहात थांबावे लागले नाही, असे यावरून म्हणता येईल. परंतु या साम्यात रमण्यापेक्षा त्यातील भेद अधिक उपयुक्त आहे. स्थानपोथी स्मरण स्वतः पुरवत नाही. ती जागा दाखवते आणि स्मरण वाचकाकडून मागते. ध्वनिफेरीत उलट घडते: जागा यंत्र ओळखते आणि भावस्थिती तयार स्वरूपात पुरवली जाते. शिवाय स्थानपोथीतील एका स्थानाची नोंद दुसऱ्या स्थानी लागू करता येत नाही. तसे केल्यास ती नोंद खोटी ठरते.

यातून स्थाननिष्ठेची एक साधी कसोटी हाती येते. कृती दुसऱ्या स्थानी नेली असता तिच्यातून काय नाहीसे होते? कार्डिफ यांची कृती दुसऱ्या उद्यानात नेता येत नाही. नेली तर छायाचित्रे, सूचना, पावले, सारेच निरर्थक होईल. रीड यांची कृती २०२१ साली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आणि इतरत्रही, त्या त्या ठिकाणच्या भूगोलानुसार पुन्हा बेतून सादर झाली. पुन्हा बेतता येणे हा दोष नव्हे; नाट्यप्रयोगही नव्या रंगमंचावर पुन्हा बसवला जातो. परंतु मग तिचे नाते उद्यान या 'प्रकारा'शी आहे, या उद्यानाशी नाही, असे म्हणणे अधिक काटेकोर होईल. तिला स्थाननिष्ठ म्हणण्याऐवजी स्थानसंवेदी म्हणावे. यंत्र स्थान ओळखते, एवढ्यावरून कृतीलाही स्थान कळले, असे मानण्याचे कारण नाही.

६

या विवेचनावर घेतले जाऊ शकणारे आक्षेप विचारात घेणे न्याय्य होईल.

पहिला आक्षेप असा की, संगीताकडून स्थानाच्या इतिहासाची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्या स्वायत्ततेवर अतिक्रमण करणे होय. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' या १९७४ सालच्या ग्रंथात कलाविषयक संकल्पनाव्यूहाचे द्विध्रुवात्मक स्वरूप दाखवून दिले आहे. त्यांतील स्वायत्ततेच्या ध्रुवाकडून हा आक्षेप येतो, आणि सभागृहातील संगीताच्या बाबतीत तो ग्राह्यही धरता येईल. परंतु जी कृती सभागृहाची चौकट आपण होऊन सोडते आणि स्थान हा आपला घटक असल्याचे सांगते, तिला त्या घटकाविषयी प्रश्न विचारणे हे अतिक्रमण ठरत नाही. चौकटीचा प्रश्न जॉन केज यांनी १९५२ साली '४'३३"' या रचनेत निकराला नेला होता. तेथे वादक वाजवत नाही आणि त्या अवधीत जे ऐकू येईल ते सारे चौकटीच्या आत येते. ध्वनिफेरीची चौकट काळाची नसून नकाशाची आहे. पण त्या चौकटीत कुत्र्याचे भुंकणे, मुलांचा कल्लोळ, दूरचा भोंगा हे येतात की नाही, याचे निश्चित उत्तर कृतीकडे नसते. ते बऱ्याच अंशी हेडफोनच्या जातीवर अवलंबून राहते. बाह्य ध्वनी रोखणारे हेडफोन आणि साधे हेडफोन यांतून ऐकलेली कृती या वस्तुतः दोन कृती आहेत. एवढा मूलभूत निर्णय कृतीबाहेरच्या उपकरणावर सोपवला जात असेल, तर ती स्वायत्तता नव्हे. तो अनिर्णय आहे.

दुसरा आक्षेप अधिक मानवी आहे. २०२० साली माणसे घरांत कोंडलेली होती, वादकांना श्रोत्यांसमोर जाता येत नव्हते. अशा वेळी उद्यानात चालणाऱ्या एकट्या माणसाच्या कानात वाद्यवृंद पोहोचवणे, ही मोठी सांत्वना होती. हे निर्विवाद आहे. शिवाय रीड यांच्या कृतीत तिकीट नाही, आसनक्रमांक नाही, टाळ्या केव्हा वाजवाव्यात याचे दडपण नाही. दुसऱ्या एखाद्या फेरीत तीच वाट वेगळ्या ऋतूत वेगळी ऐकू येते आणि आपण किती वेगाने चालतो याची श्रोत्याला कदाचित प्रथमच जाणीव होते. या बाजू खऱ्या आहेत. परंतु सांत्वना आणि श्रवण यांत भेद करणे हे समीक्षेचे काम आहे, सांत्वना नाकारणे नव्हे.

तिसरी बाब आक्षेपाची नसून पुरवणीची आहे. 'चालणारा श्रोता' असा जो सर्वनामवजा उल्लेख या चर्चेत येतो, त्यात एक विशिष्ट शरीर गृहीत धरलेले असते. सार्वजनिक जागी एकट्या चालणाऱ्या स्त्रीला कान हे सावधगिरीचे साधन असते. मागे वाजणारी पावले तिच्या दृष्टीने केवळ सौंदर्यानुभवाचा विषय नसतात. कान झाकून निर्धास्त भटकण्याची मुभा सर्वांना समान मिळालेली नाही. कार्डिफ यांच्या कृतीत मागून येणाऱ्या पावलांचा जो ताण आहे, त्यात या वास्तवाची जाण आहे. सुखद स्वरपटाने वेढलेल्या ध्वनिफेरीत ते वास्तव गृहीतच धरलेले नसते. स्त्रीवादी समीक्षेने या माध्यमाचा स्वतंत्र विचार करावा, इतके हे प्रकरण महत्त्वाचे आहे.

७

तंत्रज्ञान आणि श्रवण यांत मुळातच वैर आहे, असा अर्थ या विवेचनातून काढला जाऊ नये. वेस्टरकाम्प यांनीच १९८९ साली 'किट्स बीच साउंडवॉक' या ध्वनिमुद्रित रचनेत व्हँकूवरच्या किनाऱ्यावरील शिंपल्यांसारख्या सूक्ष्म जीवांचे क्षीण ध्वनी ऐकवले. ते ऐकू यावेत म्हणून ध्वनिमुद्रणशाळेत नगराचा गोंगाट आपण कसा गाळून टाकतो, हेही त्यांनी रचनेतच बोलून दाखवले. श्रोत्याला सुंदर ध्वनीही मिळतो आणि त्या सौंदर्यासाठी काय दडवले गेले, याची जाणीवही मिळते. ध्वनिफेरी आणि श्रवणफेरी यांतील दरी या रचनेने मिटवली नाही. ती ऐकू येईल अशी केली. स्मार्टफोनवरील कृतीला हे अशक्य नाही. संगीत जेथे थांबते, ती क्षेत्रांमधली मोकळी जागा ही या माध्यमाला लाभलेली खास सोय आहे. तिचा वापर केवळ कृतीची हद्द दाखवण्यासाठी न करता स्थानाला बोलू देण्यासाठी केला, तर विरोधलयीची जी उणीव वर दाखवली, तीही काही अंशी भरून निघू शकेल.

समीक्षकापुढील पद्धतिविषयक अडचणी मात्र राहतातच. या कृतीची प्रमाण संहिता कोणती? नकाशा, ध्वनिमुद्रणे, की प्रत्यक्ष फेरी? ॲप नव्या आवृत्तीत बदलते, फोनची प्रणाली बदलली की चालेनासे होते. वठलेले झाड पडते, वाट वळवली जाते. एका फेरीवरून समग्र कृतीविषयी निर्णय देणे धाडसाचे. म्हणून अशा कृतीवर लिहिणाऱ्याने निदान दोनदा फिरावे, एकदा हेडफोन लावून आणि एकदा त्यांच्याविना. तारीख, वेळ, वाट आणि उपकरण यांची नोंद द्यावी. आणि दुसऱ्या फेरीत कानांना जे ऐकू आले, ते पहिल्या फेरीमुळे वाढले की घटले, याचे उत्तर द्यावे. ते उत्तर मिळेपर्यंत 'श्रोता हाच निर्माता' या घोषणेला समीक्षेत सिद्धांताचा मान देता येणार नाही.